मूठकाका

मूठकाका येणार म्हटलं की आम्ही चांदीची भांडी उघडी ठेवतो आणि सुऱ्या लपवतो. पाणी प्यायचं निमित्त करून हा माणूस स्वयंपाकघरात शिरतो आणि ओट्यावरची सुरी उचलतो. पात्याकडे ढुंकूनही बघत नाही. मुठीवर अंगठा फिरवतो, मूठ नाकाशी नेतो आणि नाडी न सापडलेल्या वैद्याच्या चेहऱ्याने विचारतो, "वहिनी, हिला शेवटचं तेल कधी दिलंत?"

वहिनींना स्वतःच्या डोक्याला तेल लावायला सवड मिळालेली नसते.

"दिवाळीत खोबरेल चोपडलं होतं," असं कुणी भाबडेपणाने बोललं की पुढची भाजी करपलीच समजा. खोबरेल वाळत नाही, नुसतं बसून राहतं आणि कधी ना कधी खवट होतं. शेंगदाण्याचंही तेच. तेल हवं ते जवसाचं! ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि लाकडाच्या रंध्रांत कायमचा मुक्काम ठोकतं. "बॅटला काय लावायचो आपण?" हा सवाल ते जन्मात बॅट न धरलेल्या माझ्या आजीलाही करतात. रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' मात्र चालत नाही. लवकर सुकावं म्हणून त्यात बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. घाण्यावरचं कच्चं तेल आणायचं आणि दिवसचे दिवस वाट बघायची. काका निवृत्त आहेत.

विधी मोठा आहे. आधी ओल्या फडक्याने पुसून लाकडाचे रोम उभे करायचे, वाळले की बारीक पॉलिश पेपरने रेषेरेषेने घासायचे. मग तेल, तेही बोटाने. वीस मिनिटं थांबायचं. या वीस मिनिटांत काका फोनसुद्धा घेत नाहीत. नंतर वरचं सगळं तेल पुसून काढायचं, नाहीतर मूठ चिकट होते. आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला आणि मग जन्मभर वर्षाला एकदा, हे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ आहे. काकूंची रक्तदाबाची गोळीही रोज एकदा, जन्मभर आहे. ती काकूंनाच लक्षात ठेवावी लागते.

त्यातून तेलाची फडकी बोळा करून टाकता येत नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात उष्णता कोंडते आणि तो आपोआप पेटू शकतो. हे खरंच आहे, त्यामुळे हसायचीही सोय नाही. परिणामी गॅलरीतल्या दोरीवर फडकी ऐसपैस पसरलेली असतात आणि काकूंच्या साड्या खुर्चीच्या पाठीवर.

एवढं करून त्या सुरीने टोमॅटो चिरत नाही, चेंगरतो. धारवाल्याला दारात उभं करायची सोय नाही, कारण त्याच्या चाकाच्या ठिणग्या मुठीवर उडतात!

काकू सगळं विळीवर चिरतात. तिच्या पाटाला जवसाचा थेंबही कधी लागलेला नाही. वर्षानुवर्षं नारळ खोवून त्यावर जे सांडलं, ते काकूंनी ओल्या हाताने पुसलं, एवढंच. तरी पाट असा झळकतो की काका त्याच्याभोवती दोनदा फिरून म्हणाले, "हे शास्त्रात बसत नाही."

"विळीवर मी बसते," काकू म्हणाल्या, "शास्त्राला जागा कुठे उरते? सरका, उजेड अडवू नका."