निवळशंख

आषाढ लागला की आमच्या नळाला चहा येतो. निदान रंगावरून तरी तसंच वाटतं. मग आईची परीक्षा सुरू होते. फुलपात्रात पाणी घ्यायचं, खिडकीच्या उजेडाकडे धरायचं, एक डोळा बारीक करायचा आणि निकाल सांगायचा, "आज जरा बरं आहे हो." या निकालावर अपील नाही.

यंदा लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी गढूळपणा मोजणारा सेन्सर आणला आणि घरात दुसरा परीक्षक आला. वॉशिंग मशीनमध्ये असतो तसलाच, स्वस्तातला. एकीकडे अवरक्त प्रकाशाचा दिवा, समोर तो टिपणारा डोळा. मध्ये माती आली की पलीकडे उजेड कमी पोचतो.

जलशुद्धीकरण केंद्रातला नेफेलोमीटर मात्र असा समोरून बघत नाही. त्याचा डोळा काटकोनात, बाजूला बसवलेला असतो. नितळ पाण्यातून प्रकाश नाकासमोर निघून जातो. कण असले की त्यांना आपटून आजूबाजूला विखुरतो आणि हा बाजूला बसून तेवढंच मोजतो. आमच्या वाड्यातल्या जिन्याखालच्या काकू याच पद्धतीने माणसं ओळखायच्या. नेफेले म्हणजे ग्रीकमध्ये ढग. पाण्यात किती आभाळ आलंय, ते मोजायचं! आपल्याकडे तरी वेगळं काय? पाणीही निवळतं आणि आभाळही निवळतंच.

आईचं घराणंही काही लहान नाही. 1865 साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडली आणि ती कुठवर दिसते ते पाहिलं. पुढे जॅक्सन नावाच्या एकाने मेणबत्तीवर काचेची उभी नळी धरली आणि ज्योत दिसेनाशी होईपर्यंत तीत पाणी ओतलं. दोघांचंही यंत्र एकच, डोळा.

लेकीच्या सेन्सरने पहिल्याच दिवशी ताज्या, फेसाळ पाण्याला नापास केलं, कारण त्याला बुडबुडेही गाळच वाटतात. मग ग्लासवरच्या बोटांच्या ठशांवर तो अडला. कोरा चहा मात्र झकास पास झाला. अवरक्त प्रकाशाला रंगाचं फारसं सोयरसुतक नसतं, तेवढ्यासाठीच तर तो वापरतात. हे आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे याला चहा पाणी वाटतो आणि ग्लास नीट घासला नाही हे तेवढं कळतं?"

पण आईचा डोळाही चुकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत (एनटीयू म्हणजे नेफेलोमीटरचं एकक) असावा असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालतो. साध्या डोळ्याला मात्र चारेकच्या खालचं काही दिसतच नाही. म्हणजे आईचं "बरं आहे" उदार आहे. आणि गाळाच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून लपून बसतात, तेव्हा ही उदारता पोटाला महाग पडते.

पूर्वी निवळीची बी माठाच्या आत घासत. आई तुरटी फिरवते. सकाळी माठातलं पाणी निवळशंख असतं आणि आई नि सेन्सर यांचं पहिल्यांदाच एकमत होतं. पण न दिसणारा जंतू फुलपात्रातही दिसत नाही आणि सेन्सरलाही दिसत नाही. तेव्हा दोघांनी पास केलं, तरी पावसाळ्यात पाणी उकळूनच प्या.