धुराडेग्रस्त गृहस्थ

धुराडेग्रस्त गृहस्थ मुख्यतः इंग्लंडमधल्या जुन्या, एकमेकांना चिकटून बांधलेल्या विटांच्या घरांत आढळतो. घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, दिवाणखान्यातली शेगडी बुजवलेली आणि तिच्यावरच्या भिंतीवर चहा सांडल्यासारखा पिवळट तपकिरी डाग, एवढी सामग्री त्याला पुरते. घर घेताना हा डाग त्याच्या नजरेत भरत नाही, कारण तेव्हा तो स्टेशन किती मिनिटांवर आहे ते मोजत असतो. पहिला पावसाळी ऑक्टोबर आला की डाग दिसतो आणि मग दुसरे काही दिसेनासे होते.

या घरांत खोलीगणिक कोळशाची शेगडी असे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर जीवघेणे काळे धुके पसरले, १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, पुढे उत्तर समुद्रातला गॅस आणि सेंट्रल हीटिंग घरोघर आले. शेगड्या विझल्या. लोकांनी त्यांच्या तोंडाशी फळ्या ठोकल्या, विटा रचल्या आणि वरून वॉलपेपर चिकटवला. छपरावरचे धुराडे मात्र पुष्कळ ठिकाणी उघडेच राहिले. पाऊस वरून बिनदिक्कत आत येऊ लागला आणि खालून हवा यायची बंद झाली. पूर्वी ही ओल विस्तवाच्या धगीने परस्पर वाळत असे.

गृहस्थाला हा इतिहास कळेपर्यंत त्याने रंगाचा डबा आणलेला असतो. डाग दिसला की झाकायचा आणि भोक दिसले की बुजवायचे, हा त्याचा मूळ स्वभाव. ओलरोधक रंगाचा पहिला हात दिला की डाग काही आठवडे दडतो, मग रंगासकट पोपडा सुटतो. दुसऱ्या हातानंतर डाग वीतभर बाजूला सरकतो. तिसऱ्या वेळी गृहस्थ तिथे पुस्तकांचे कपाट लावतो, म्हणजे ओलीला बुरशीची जोड मिळते.

यानंतर यंत्र येते. ओलमापकाच्या दोन सुया भिंतीत खुपसल्या की पडद्यावर आकडा उमटतो. पाहुणा कोट काढायच्या आत त्याला हा आकडा दाखवला जातो. गंमत अशी की हे यंत्र पाणी मोजतच नाही. दोन सुयांमधून वीज किती सहज वाहते ते मोजते, आणि क्षार असले की ती सहज वाहते. कोळशाच्या धुरातले क्षार वर्षानुवर्षे काजळीबरोबर विटांत मुरलेले असतात. ते हवेतला दमटपणा ओढून घेतात, म्हणून थेंबभर पाऊस नसतानाही डाग कुंद दिवशी गडद आणि कोरड्या दिवशी फिका दिसतो. काही गृहस्थ कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही, ते डाग पाहून ठरवतात.

या प्रकाराची मराठी शाखा लंडन आणि आसपासच्या गावांत चांगली रुजली आहे. तिचे निदान बहुधा कोकणातून सहा महिन्यांसाठी आलेली आई करते. ती भिंतीवरून बोट फिरवते, बोटाला लागलेली पांढरी भुकटी पाहते आणि म्हणते, "अरे, लोणा लागलाय हा." यावर "आई, इथलं वेगळं असतं" हे उत्तर ठरलेले. मग फुकट तपासणी करणाऱ्या विक्रेत्याला बोलावले जाते. तो जमिनीलगत भिंतीला रांगेने छिद्रे पाडून त्यांत रसायन भरायचा सल्ला देतो. पाणी छपरातून येत असते, पण छपरावर चढायला परांची बांधावी लागते आणि जमिनीलगत वाकले की भागते.

सगळी ओल आभाळातून येते असेही नाही. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे १२ अंशांच्या पृष्ठभागावर त्या हवेतली वाफ पाणी होऊन बसते; बंद धुराड्याची भिंत हिवाळ्यात तेवढी गार सहज होते. कुकरच्या शिट्ट्या, रेडिएटरवर वाळणारे कपडे आणि बिलाच्या धास्तीने न उघडलेल्या खिडक्या उरलेले काम करतात. खरे-खोटे करायला पोळ्या गुंडाळायची फॉइल पुरते. तिचा तुकडा चारही कडांनी भिंतीवर चिकटवून दोन दिवस ठेवावा. खोलीकडच्या अंगाला थेंब धरले तर वाफ घरातली. भिंतीकडच्या अंगाला धरले तर ओल भिंतीतली. गृहस्थ दोन तासांत फॉइल उचकटून पाहतो आणि पुन्हा यंत्राकडे वळतो.

शेवटी गवंडी येतो. धुराडे बहुधा शेजाऱ्याशी सामाईक असते, तेव्हा आधी त्याच्याशी बोलणे आले. मग जॅकडॉ नावाच्या लहान कावळ्यांनी आत रचलेल्या काटक्या, काजळी आणि विटांचे तुकडे बाहेर निघतात. विटांच्या दरजा चुन्याने भरल्या जातात, छपराच्या सांध्यातले शिशाचे पत्रे बदलतात, धुराड्याच्या तोंडावर पाऊस अडवणारी पण हवा सोडणारी टोपी बसते. क्षार खाल्लेला गिलावा खरवडून तिथे चुन्याचा नवा गिलावा होतो. इथवर गृहस्थ खुशीत असतो. मग गवंडी बुजवलेल्या शेगडीत भोक पाडून जाळी बसवतो, आणि पैसे देऊन भोक पाडून घेतल्याचे दुःख गृहस्थाला सोसवत नाही. पहिल्या थंडीत जाळीतून झुळूक आली की तो तिच्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो.

भिंत महिन्याला साधारण इंचभर वाळते असा ठोकताळा आहे. नऊ इंचांच्या भिंतीचा हिशेब गृहस्थाला तोंडपाठ असतो, तरी पंधरवड्यात तो तिला प्लॅस्टिक इमल्शन फासतो. बोळे निघून, इमल्शन खरवडून भिंत एकदाची कोरडी होते, त्याच सुमाराला वरच्या झोपायच्या खोलीत डाग उमटतो. प्रत्येक शेगडीची धूरनळी वेगळी असते. टोपी आणि जाळी एकाच नळीला बसलेली असते.