खत होणार नसेल, तर पिशवीही नको

हिरवं पान छापलेली, हाताला मऊ लागणारी पिशवी आता मिठाईच्या दुकानापासून औषधाच्या दुकानापर्यंत कुठेही मिळते. वर ‘कंपोस्टेबल’ लिहिलेलं असतं. आपण निर्धास्त होऊन ती सुक्या कचऱ्याच्या बादलीत टाकतो, आणि तिचं खत होण्याची शक्यता तिथेच संपते. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या शहरात ही पिशवी कुजवणारा खत प्रकल्प चालू नाही, तिथे ती विकायला परवानगी देऊ नका.

या पिशवीला प्रमाणपत्र मिळतं ते आयएस १७०८८ या मानकाच्या चाचण्यांवर. त्यातली मुख्य चाचणी होते ५८ अंश सेल्सिअसला, भरपूर ओलावा आणि खेळती हवा देऊन. अशा ढिगात १८० दिवसांच्या आत पिशवीतल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये ही उष्णता टिकत नाही. नाल्यात नाही, रस्त्याकडेला नाही. कचरा डेपोच्या पोटात तर हवाच नाही. अशा पिशव्यांत बऱ्याचदा मिसळलेलं, उसाच्या किंवा मक्याच्या साखरेपासून बनणारं पीएलए हे प्लास्टिक साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली कडकच राहतं. साध्या मातीत ते वर्षानुवर्षं पडून राहू शकतं. उसापासून बनलं म्हणून ते चिपाडासारखं कुजेल, ही समजूत चुकीची आहे.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी पिशव्या मातीत पुरून, समुद्रात बुडवून आणि उघड्यावर टांगून पाहिल्या. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं मातीत राहूनही सामान उचलत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही ती होतीच. तिच्यात वजन पेलायची ताकद उरली नव्हती, एवढंच.

शिवाय कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ही पिशवी ओळखू येत नाही. दिसायला तीच, वजनाला तीच. ही पिशवी साध्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात गेली की तो वितळवून निघणारा प्लास्टिकचा दाणा कमअस्सल होतो आणि भाव पडतो. नुकसान त्या बाईचं होतं, पिशवी छापणाऱ्याचं होत नाही.

मिलान शहरात हाच माल कामाला येतो. तिथे घरोघरचं उष्टं-खरकटं कंपोस्टेबल पिशवीत भरतात आणि पिशवीसकट प्रकल्पात नेतात. आधी ओला कचरा वेगळा उचलायची व्यवस्था, मग पिशवी. आपल्याकडे पिशवी आधी आली.

खरं तर महाराष्ट्राने सुरुवात बरोबर केली होती. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत कंपोस्टेबल पिशव्यांना सूट होती ती रोपवाटिका, फलोत्पादन, शेती आणि घनकचरा हाताळणीसाठी. म्हणजे जिथे प्लास्टिक माती-खरकट्यात मिसळणारच, तिथे. २०२२ च्या अखेरीस ती सूट स्ट्रॉ, ताटं, कप, चमच्यांपर्यंत गेली. हे चुकलं. ताटासाठी पत्रावळ आहे, धुऊन वापरायचं स्टील आहे.

शेतात मात्र असा सोपा पर्याय नाही, आणि तिथेच कुणाचं लक्ष नाही. कलिंगडाचा शेवटचा तोडा झाला की बेडवर उरतो तो मल्चिंग पेपर. नावाला पेपर, पण प्लास्टिकचा; पंचवीस-तीस मायक्रॉनचा, वरून चंदेरी, खालून काळा. त्याने तण दाबलं, ओल धरली, फळाला माती लागू दिली नाही. त्याचे उपकार मोठे आहेत. आता तो काढा. दोन्ही कडा मातीत दाबलेल्या असतात. ओढला की मधला भाग हातात येतो आणि कड मातीतच तुटून राहते. भोकांतून वर आलेलं तण त्याला धरून बसतं. मजूर दिवसभर वाकून जेवढा गोळा करतात, तो चिखलाने इतका जड झालेला असतो की भंगारवाला नको म्हणतो. मग बांधावर ढीग आणि काडी. पिकाला जपणारा पेपर शेवटी आपल्याच नाकातोंडात जातो. मातीत राहिलेल्या चिंध्यांवरून रोटाव्हेटर फिरतो आणि त्यांचे आणखी तुकडे होतात. चीनमध्ये शिनजियांगच्या कापसाच्या शेतांत हे दशकानुदशकं झालं. तिथे मातीतल्या तुकड्यांनी मुळांची आणि पाण्याची वाट अडवली, आणि फिल्म निदान अखंड निघावी म्हणून सरकारला किमान जाडी वाढवावी लागली.

मातीतच जिरणारा पेपर आहे. त्याचं युरोपीय मानक, ईएन १७०३३, २०१८ पासून आहे. २० ते २८ अंशांच्या मातीत दोन वर्षांत ९० टक्के विघटन ही त्याची अट. हाच पेपर हवा. पण तो साध्या पेपरपेक्षा बराच महाग पडतो, आणि आपलं अनुदान साध्या पेपरच्या खर्चावर बेतलेलं. फलोत्पादन अभियानात बरीच वर्षं हेक्टरी ३२ हजारांचा खर्च धरून निम्मी रक्कम मिळत आली. ती अंथरण्यासाठी. काढणीची मजुरी शेतकऱ्याची, धूर गावाचा.

जिरणाऱ्या पेपरला वेगळा, वाढीव दर द्या. त्याआधी राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांनी तो काळ्या मातीत आणि कोकणच्या जांभ्या मातीत अंथरून पाहावा. उन्हाळ्यात भेगाळलेल्या कोरड्या रानात जंतूंचं काम थंडावतं, तेव्हा युरोपातल्या ओल्या मातीचे दिवस इथे चालणार नाहीत. कुठल्या मातीत किती महिन्यांनी काय उरलं, ते रोलच्या वेष्टनावर मराठीत छापलेलं असावं, आणि ते छापलेलं नसेल त्या रोलला अनुदान मिळू नये.