शेअर घ्या, पण पंचांग पाहून

रायपूरच्या तात्यापाऱ्यात सध्या घरटी एक गुंतवणूक सल्लागार आहे. वय पासष्टच्या पुढे, पेन्शन सरकारी, डिमॅट खातं मुलानं पुण्याहून उघडून दिलेलं. या काका मंडळींचा लाडका विषय म्हणजे तयार कपडे विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर. गोल बाजारात रुमालाचे दोन रुपये कमी करायला अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस नफ्याच्या शंभरपट भावानं अख्ख्या दुकानाचा तुकडा घेतो, आणि तिथे मात्र घासाघीस करत नाही. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात त्याचं कारणही ऐकायला मिळतं : "दुकानात पाय ठेवायला जागा नाही. शेअर वर जाणारच!" जागा अडवणाऱ्यांतले निम्मे एसी खायला आणि उरलेले माल परत करायला आलेले असतात, हे काकांना कोण सांगणार?

विशाल रिटेलचा शेअर २००७ साली २७० रुपयांना आला, तेव्हाही दुकानांत जागा नव्हतीच. कर्ज काढून दुकानं वाढवली, मंदी आली आणि २०११ मध्ये धंदा दुसऱ्यांच्या हाती गेला. डिसेंबर २०२४ मध्ये विशाल मेगा मार्ट हे नाव घेऊन स्वारी ७८ रुपयांना परत आली. त्या शेअरविक्रीतून जमलेल्या आठ हजार कोटींतला एक रुपयाही कंपनीच्या तिजोरीत गेला नाही. सगळा जुन्या भागधारकाला मिळाला. मालक दारातून बाहेर पडत होता आणि काका आत शिरत होते. पहिल्याच दिवशी भाव शंभरावर गेला, त्यामुळे काकांना आवरणं आता काकूंच्याही हातात राहिलेलं नाही.

कौतुक करावं ते मुंबईच्या विश्लेषकांचं. २०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता, २०२५ साली २ ऑक्टोबरला. म्हणजे खरेदी सरकली सप्टेंबरात, आणि सप्टेंबर पडतो आदल्या तिमाहीत. त्यामुळे तीच कंपनी एका तिमाहीत धष्टपुष्ट दिसते, पुढच्या तिमाहीत अशक्त. त्यावर तास-तास चर्चा झडते. दाते पंचांग कितीला मिळतं, याची चौकशी कुणी करत नाही.

इकडे छत्तीसगडात तर दिवाळीच दिवाळीला येत नाही. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरात उरकली, सरकारी धानखरेदी सुरू झाली १५ नोव्हेंबरला. सोसायटीत धान तोललं जाईपर्यंत गावाकडचा खिसा रिकामा. क्विंटलला ३१०० रुपये, एकरी २१ क्विंटलपर्यंत. त्यातही आधी हमीभाव, फरकाची रक्कम मागाहून. २०२४ साली ती १२ मार्चला खात्यात पडली आणि होळी होती २५ ला. रंगात भिजवायला का होईना, नवा सदरा परवडावा असा हा योग. मॉलमध्ये दिवाळीचे कंदील लागतात तेव्हा पंडरीचा ठोक कापडवाला धान कापणीला आलं का ते विचारतो. त्याच्याकडे आलेख नाही, पण उधारीची वही आहे.

भाद्रपदात तीजाचा सण येतो. माहेरी आलेल्या लेकीला साडी द्यावीच लागते, मग पाऊस पडो न पडो. चातुर्मासात लग्नं बंद असताना दुकानाला तेवढाच आधार. पण तीजाची साडी मुंबईच्या अहवालात येत नाही. तिथे ग्रामीण मागणी एक तर 'सावरते' किंवा 'मंदावते'. नेसत कधीच नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर जीएसटी पाच टक्के झाला आणि त्यापुढच्यावर अठरा. हजार-अडीच हजारांतले कपडे स्वस्त झाले, लग्नातला शेरवानी-लेहंगा महागला. म्हणजे रोजच्या कपड्यांवर सरकारची माया आणि बोहल्यावर डोळा.

आता पुढचं भाकीत फुकट घ्या. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाही. लग्नाचे कपडे विकणाऱ्या 'मान्यवर'च्या कंपनीनं कमी लग्नतिथींचं कारण याआधी दिलेलंच आहे; त्या तिमाहीच्या निकालातही कुणी ना कुणी ते देईल, बाजार दचकेल, शेअर आपटेल आणि काका "आता सरासरी करतो" म्हणून आणखी घेतील. वाचकहो, तुम्हीही खुशाल घ्या. फक्त कंपनीची विक्री सावरायला म्हणून धोंड्याच्या महिन्यात जावयाला तिथलीच शेरवानी करू नका. तो खर्च लाभांशातून वसूल होत नाही.