मनगटधरे सर

पंढरपुरात दोन बाऱ्या. एक विठ्ठलाची, दुसरी आमच्या सरांची. पहिलीतून माणूस कधी ना कधी बाहेर पडतो.

सर शाळेत सायन्स शिकवायचे. आता सकाळी प्रदक्षिणा रोडवर चहाच्या गाड्यापाशी उभे असतात आणि बोलताना समोरच्याचं मनगट धरतात. नव्या माणसाला वाटतं, नाडी बघतायत.

परवा तालमीतल्या एका पोरानं प्रोटीनचा डबा दाखवून विचारलं, "सर, यानं डोकंपण वाढतं का?" विचारलं पोरानं, मनगट धरलं माझं.

"डब्यातलं पोटातच मोडतं. वाढीचं प्रथिन, आयजीएफ-1, बनतं मुख्यतः यकृतात. पण रक्तातून मेंदूत शिरणं म्हणजे आषाढीला गाभाऱ्यात शिरणं! 1885 साली पॉल एर्लिखनं जनावरांच्या रक्तात रंग सोडला. सगळं अंग रंगलं, मेंदू कोरा. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी इतक्या खेटून असतात, की एकादशीची बारी सैल वाटावी."

"मग ते आत जातं कसं?" हे मी विचारलं. धोंडा हातात घेतला, पायावर पाडला.

"रक्तात ते सहसा एकटं फिरत नाही. दुसरं प्रथिन त्याचा हात धरून असतं," मनगट आवळत सर म्हणाले. "मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथं एक विकर कात्रीसारखं चालतं, धरणाऱ्यालाच तोडतं. आयजीएफ मोकळं! भिंतीवरचा एलआरपी-1 नावाचा सेवेकरी त्याला आत पोचवतो. 2010 साली उंदरांत दिसलंय हे. म्हणजे पास आतूनच निघतो! दुसरी वाट मेंदूतलं पाणी जिथं पाझरतं त्या जाळीतून. ते आपलं मुखदर्शन समज."

मुखदर्शनात आत कुठं जाता येतं, असं म्हणणार होतो. गिळलं.

"आणि पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत ते जास्त शिरतं," सर पोराकडं वळले. पोरगं केव्हाच चौफाळ्याच्या दिशेनं सुसाट सुटलं होतं. "बघ, लागला उपचाराला!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. घरून होता.

"सर, आतून बोलावणं आलंय. हात सोडता का?"

सरांनी लगेच सोडला. आणि दुसरा धरला.