खसऱ्यावर नाव माझं

पांढुर्ण्याच्या माणसाला परदेशात ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न फार जड जातो. मध्य प्रदेश म्हणावं, तर घरी बोलतो मराठी. महाराष्ट्र म्हणावं, तर आधार कार्ड खोटं पाडतं. 1956 साली राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. पण बाळंतपण, बस्ता आणि हृदयविकार यांसाठी आमची गाडी अजून नागपूरलाच जाते. एवढं सगळं कोण सांगत बसणार? म्हणून मी एक सुटसुटीत उत्तर तयार केलं होतं : ‘आम्ही संत्र्यावाले.’ उत्तर छानच होतं. गोची एवढीच, की ते मी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात देत होतो. जळगावात जाऊन केळीची फुशारकी मारावी, तसला प्रकार.

त्यातही जिच्यापुढे मारली, तिच्या आजोबांची संत्र्याची बाग. तिनं अगदी सहज विचारलं, ‘कलम कुठल्या खुंटावर करता?’ मी म्हटलं, ‘चांगल्या.’ लग्नाचा विचार तिनं बहुधा तेव्हाच केला असावा, दयेपोटी.

यथावकाश लग्न झालं आणि पुढे गावी परतायचं ठरलं. परदेशी बायकोला ओसीआय कार्ड मिळायला लग्न नोंदवलेलं लागतं आणि ते सलग दोन वर्षं टिकलेलंही लागतं. एवढी सावधगिरी माझ्या सासऱ्यांनीसुद्धा बाळगली नव्हती. त्यात 2023 साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके काढून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. माझ्या सगळ्या जुन्या कागदांवर जिल्हा छिंदवाडा, तिच्या नव्या कागदांवर पांढुर्णा. पाहणाऱ्याला वाटावं, बाई इथली आहे आणि हा कोणी बाहेरचा तिच्या मागे आला आहे.

घरच्यांची समजूत घालायला मी एक भारदस्त दाखला घोटून ठेवला होता. आमच्या शेजारच्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत नावाजलेले शेतीतज्ज्ञ. पत्नी बेल्जियमच्या. स्वातंत्र्यानंतर ते परत आले, अखेरची वर्षं नागपुरात काढली, 1967 साली तिथेच वारले. हे सगळं मी ओट्यावर उभं राहून सांगितलं. मोठ्या बाबांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्याईनं तिकडं मक्याचे वाण काढले म्हणते. तुनं काय काढलं?’

मी व्हिसा काढला होता.

आई तिला पहिल्याच शनिवारी जामसावळीला घेऊन गेली. तिथला मारुती निद्रिस्त, आडवा. आता ही काय विचारेल या धास्तीनं मी मनात संपूर्ण रामायणाची जुळवाजुळव करत होतो. तिनं हात जोडले आणि भर दुपारी लवंडलेल्या देवाकडे अशा ओळखीनं पाहिलं, की माझं रामायण पोटातच राहिलं. दुपारी दोन ते चार जग बंद ठेवावं, यावर माझी आई आणि माझं सासर यांचं पहिल्या दिवसापासून एकमत आहे.

खरी भीती मला पोळ्याची होती. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. व्हॅलेन्सियाजवळच्या बुन्योल गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी लोक एकमेकांना टोमॅटो मारतात. ही तोमातिना 1945 पासूनची. लग्नाआधी तिथे नखशिखान्त लाल होऊन उभा असताना मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो होतो, ‘आमच्याकडे अगदी अस्संच असतं, फक्त टोमॅटोऐवजी...’ आणि पुढचं वाक्य काही वर्षं लांबणीवर टाकलं होतं.

ते पूर्ण करायची वेळ आली. जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर गोट्यांचा वर्षाव. शेवटी तो झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. दर वर्षी शेकड्यांनी लोक जखमी होतात. माणसं दगावलीही आहेत. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी या दिवशी काय होत असेल यावर विनोद करायची माझी छाती नाही. पण कथा सांगणं भाग होतं : पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवून आणली, दोघं ऐन नदीत असताना दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले.

‘एवढ्याशा नदीपलीकडची आणली म्हणून?’ तिनं विचारलं. नकाशावर स्पेन किती लांब आहे, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

मग तिनं मोठ्या बाबांपुढे प्रस्तावच मांडला : दगडांऐवजी टोमॅटो. बुन्योलचा नियमही सांगितला, की फेकण्याआधी टोमॅटो हातानं चेचायचा, म्हणजे लागत नाही. मोठे बाबा गंभीर झाले. ‘सरकारनं रबराचे चेंडू देऊन पायले, पोरी. लोकाईनं चेंडू घरी नेले अन् गोटे मारले. अन् टमाटर चाळीस रुपये किलो हाये. गोटा फुकट.’

बागेत मला दुभाषी म्हणून नेलं होतं. बाग धाकटा भाऊ पाहतो. तिनं गुडघे टेकून एका खोडाची साल नखानं खरवडली, ओघळलेला डिंक बोटावर घेतला आणि भावाकडे पाहिलं. भाऊ अपराध्यासारखा म्हणाला, ‘डिंक्या हाये, वयनी. बोर्डो मलम लावलं होतं.’ तिनं खोडाला टेकलेल्या ओल्या आळ्याकडे बोट दाखवलं, मग हवेत दोन वर्तुळं काढली, एकात एक. भाऊ उडालाच : ‘डबल रिंग! मी बी तेच म्हणून रायलो!’ आतल्या वर्तुळानं पाणी खोडापासून लांब राहतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग खुंटाचा विषय निघाला. भाऊ म्हणाला, जंबेरी. तिकडे आंबट संत्र्याच्या खुंटावरच्या बागा 1957 नंतर त्रिस्तेसा नावाच्या रोगानं कशा बसल्या, ते ती सांगू लागली. मी मधे उभा होतो. खुंटाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. खुंट म्हणजे काय, ते मराठीतही नुकतंच कळलं होतं. थोड्या वेळानं भावानं मला चहा सांगायला घरी पाठवलं.

चहा सांगता सांगता उदार विचार सुचला : दोन एकर बायकोच्या नावे करून द्यावेत. वकिलांनी चष्मा काढला. ओसीआयवाल्यांना शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही नाही. ‘वारसाहक्कानं मात्र मिळू शकते.’

‘म्हणजे मी गेल्यावर?’

‘हो, मग काही अडचण नाही.’

बायकोनं हे शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर मोठे बाबा तिला धीर देत म्हणाले, ‘थांबा लागते, बाप्पा.’

तर खसऱ्यावर नाव माझं आहे आणि लोक दारात येऊन विचारतात, ‘वयनी हाये का घरी?’ मी म्हणतो, ‘मी आहे ना.’ ते म्हणतात, ‘मंग बसतो थोडा.’

विहीर आमची सामाईक, चुलत्यांशी पाण्याच्या पाळीवरून पिढीजात भांडण. बोलता बोलता तिनं सांगितलं, की व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचं न्यायालय भरतं. पंच शेतकरीच. वकील नाही, निकाल तोंडी, आरोपीला त्याच्या कालव्याच्या नावानं पुकारतात. 2009 साली युनेस्कोनंही त्याची दखल घेतली. मोठ्या बाबांना हे इतकं पटलं, की पुढच्याच गुरुवारी ओट्यावर सतरंजी पडली.

पहिला आरोपी मी. रात्री वीज आली तेव्हा मोटार चालू करून मी झोपलो, ते उजाडल्यावरच उठलो. तोवर चुलतभावाच्या तुरीत तळं झालं होतं. ‘आंब्याजवळच्या विहिरीचा आरोपी!’ मोठ्या बाबांनी पुकारलं. मी आंतरराष्ट्रीय कायदा, विजेची वेळ आणि नवऱ्याचा मान असे तीन मुद्दे मांडले. पंचबाईंनी चुलतभावाचं ऐकलं, भावाचं ऐकलं आणि हिवाळाभर रात्रपाळीचं पाणी माझ्याकडे लावलं.

‘अपील?’ मी विचारलं.

‘तिकडं हजार वर्सं झाले म्हणते, अपीलच नाई,’ मोठे बाबा म्हणाले.

त्या रात्री मी मफलर गुंडाळून निघालो. भावानं बॅटरी दिली आणि साप असतात म्हणून सांगितलं. बायको दारात आली. मला वाटलं, आता तरी काही मायेचं बोलेल.

‘खोडाले पाणी नोको लागू देऊ,’ ती म्हणाली.