चावा आणि चिकटवा

अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१६ साली घरच्या लाडक्यांची वीस तिकिटं काढली. कुत्रा, मांजर, पोपट ठीक आहे हो. पण त्यात सापही आहे, पाल आहे, शंखातला खेकडा आहे आणि चक्क उंदीर! आपण ज्याला धरायला पिंजरा आणतो, त्याला ते ठेवायला आणतात.

हेच खातं दर वर्षी एक वेगळी यादीही काढतं: कुठल्या शहरात किती पोस्टमनवर कुत्री धावून गेली. २०२४ चा आकडा सहा हजारांच्या वर होता. पाकिटावर कुत्रा, फाटकाच्या आत कुत्रा, आणि दोघांच्या मध्ये बिचारा खाकी नसलेला पोस्टमन.

त्यांच्याकडे जिवंत माणूस तिकिटावर येत नाही. मेल्यावर निदान तीन वर्षं थांबावं लागतं (राष्ट्राध्यक्ष असलात तर वशिला चालतो). प्राण्यांना मात्र ही अट नाही. २०१० साली बेवारस प्राणी दत्तक घ्या म्हणून पाच मांजरं नि पाच कुत्री तिकिटावर आली, ती चांगली खातीपिती होती.

आपल्या खात्यानेही २००५ साली चार कुत्री छापली. मुधोळ, रामपूर, राजापालयम आणि हिमालयातला मेंढ्या राखणारा. सगळे खानदानी. पोस्टमनच्या सायकलमागे कोपऱ्यापर्यंत धावून, काम उरकल्यासारखा परत येणारा गल्लीतला मोत्या त्या चौघांत नाही. खात्याशी खरा रोजचा संबंध त्याचाच.

या सगळ्यात मला आवडतो तो ओनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या पोस्टात शिरलेला हा केसाळ भटका कुत्रा. टपालाच्या थैल्यांवर झोपायचा, थैल्या निघाल्या की त्यांच्याबरोबर रेल्वेने निघायचा. तो डब्यात असला की गाडीला अपघात होत नाही, अशी कारकुनांची श्रद्धा. जाईल तिथे लोक गळ्यात बिल्ला अडकवायचे. बिल्ले इतके झाले की मानेला पेलवेनात, तेव्हा पोस्टमास्टर जनरलने ते लावायला त्याला जाकीट दिलं. १८९५ साली तर गडी टपालाबरोबर जगप्रदक्षिणा करून आला. बिनपगारी, बिनभत्त्याचा.

१८९७ साली टोलेडोच्या पोस्टात वार्ताहराला दाखवण्यासाठी म्हणे त्याला साखळीने बांधलं. जन्मभर मोकळा हिंडलेला जीव बिथरला आणि टपाल कर्मचाऱ्याला चावला. खात्याची सेवा केलेल्या म्हाताऱ्याला तिथेच गोळी घालण्यात आली. मग कारकुनांनी वर्गणी काढली, पुरण्यासाठी नव्हे, पेंढा भरण्यासाठी. आज तो वॉशिंग्टनच्या टपाल संग्रहालयात काचेआड उभा आहे.

२०११ साली त्याचं तिकीट निघालं. तीन वर्षांची अट त्याने चांगली एकशे चौदा वर्षांनी पाळली. चित्रात बिल्ले छान चमकतात. साखळी तेवढी काढलेली नाही.